दातांची साथ

आमच्या शहरात लेकरं दातांनी मरत. साथ मोठी चमत्कारिक. दात नसलेल्यांनाच धरायची. तान्हं गेलं की नगरपालिकेचे डॉक्टर उंबऱ्याबाहेरूनच विचारत, वर्षाच्या आतलं ना? आणि मरणाचं कारण लिहीत: दात येणे. पाळण्यापर्यंत जाऊन बूट कोण मळवणार?

काडेपेटीच्या कारखान्यातल्या एका कामकरणीला जुळं होतं, एक मुलगा, एक मुलगी. कामावर जाताना अंगावरचं दूध काही घरी ठेवून जाता येत नाही. दोघांना डेअरीचं दूध पाजायचं. डेअरी नगराध्यक्षांची. शहरात शेळी-गाय पाळायला त्यांनीच बंदी केलेली, स्वच्छतेसाठी. दूध निळसर यायचं, तळाशी गाळ घेऊन.

मुलाला जुलाब लागले. उन्हात ठेवलेल्या फुलासारखा तो मिटत गेला, आणि गेला.

डॉक्टरांनी दात लिहिले. ती म्हणाली, दूध नासकं होतं, जुलाब लिहा; म्हणजे कुणीतरी डेअरी तपासेल. पोरगी अजून त्याच दुधावर आहे.

"तोंडात बोट घालून बघा," ती म्हणाली. "नुसत्या हिरड्या आहेत."

"आत असतात, बाई. दिसत नाहीत."

इतकी बाळं दातांनी जातात हे ऐकून अध्यक्षांचं काळीज द्रवलं. त्यांनी ठराव केला: प्रत्येक तान्ह्याला चघळायला एक लाकडी कडी, नगरपालिकेतर्फे मोफत. मंडप पडला, हार आले, भाषण झालं. मांडीवर अध्यक्षांचा नातू, लोण्याचा गोळा जसा.

कडी घेताना कामकरणीनं त्याच्या गालाला हात लावला. किती गोड, म्हणाली, कोणतं दूध पितो?

कौतुकानं माणूस सैल होतो. "घरची शेळी आहे ना," अध्यक्ष म्हणाले. "बाहेरचा थेंब ओठाला लावू देत नाही आम्ही."

मंडपात कुणी टाळी वाजवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांच्या परसात शिरली. शेळी सोडली, तिच्या खुंट्याला ती लाकडी कडी अडकवली आणि भर बाजारातून घरी आली. अध्यक्षांनी फौजदाराकडे जायचं तर बंदी घालणाऱ्याच्या परसात शेळी कशी, हे आधी सांगायला हवं. त्यांनी तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसला.

पोरीनं वाटीभर दूध पचवलं, मग झोपली. गल्लीतल्या आया पेले घेऊन आल्या. चमचा-चमचा का होईना, शेळी सगळ्यांना पुरवायची.

दुपारी अध्यक्षांची सून आली. कडेवर भुकेनं किरकिरणारा लोण्याचा गोळा, हातात चांदीची वाटी. सासऱ्यांच्या डेअरीचं दूध पाजायचा तिला धीर नव्हता. ती सरळ पुढं आली.

"मागं, सूनबाई," कामकरीण म्हणाली. "शेळी तुमची असेल. रांग आमची आहे."

सून रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. ऊन तापलं होतं. तिच्या पुढच्या बाईनं, मागं न बघता, आपला पदर लांबवून त्या बाळाच्या डोक्यावर धरला.