सोमवारी नसेन

"चपला नको घालूस, वाजतात," पपा म्हणाले, आणि स्वतः मात्र खाटेखालून जुने बूट ओढू लागले.

लिमुंगाला वाटलं, दारापर्यंत सोडायला येताहेत. पण त्यांनी नाड्या घट्ट बांधल्या, टोपी चढवली, तेव्हा मामीच्या, आईला ती मामी म्हणे, हातातलं भांडं तसंच राहिलं.

"तुम्ही कुठे निघालात? सोमवार आहे आज!"

"मला वार कळतात."

"कळत असते तर अंगणात गाडी असती अजून," मामी म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिलाच ते लागलं.

ब्वेआ गावात सोमवारी कोणी बाहेर पडत नाही. दुकान नाही, शाळा नाही, टॅक्सी नाही. हुकूम कोणाचा, हे मोठ्याने विचारायचं नसतं. अशाच एका सोमवारी पपा एका अडलेल्या बाईला दवाखान्यात पोचवून आले आणि येताना वाटेत त्यांची टॅक्सी जाळली गेली. आत राहिलेली एका उतारूची पिशवी वाचवायला गेले आणि दोन्ही हात भाजून घेतले. त्यानंतर सोमवारीच काय, कुठल्याच वारी ते गल्लीच्या टोकापलीकडे गेले नव्हते. आणि आज हा गृहस्थ टोपी घालून तयार!

कारण लिमुंगाची इंटर्नशिप. खेड्यातल्या दवाखान्यांना औषधांचा साठा सांभाळता यावा म्हणून एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर होतं, जगभरातली माणसं मिळून ते लिहीत. नव्या मुलांना तिथे तीन महिने शिकत काम करायला मिळे, पगारासकट. निवड व्हायच्या आधी काम करून दाखवायचं. लिमुंगाने दाखवलं होतं. नेट मध्येच तुटलं की नर्सने भरलेली नोंद उडून जायची, ती आता टिकत होती. ज्याच्या घरी नेट कधी तुटतच नाही त्याला ही खोड सापडणार कशी?

पण उमेदवारांची बैठक सोमवारी. सारं गाव घरात कोंडलेलं आणि जो तो फोनला चिकटलेला, त्यामुळे घरचं नेट त्या दिवशी हटकून मरायचं. तिच्या बैठका एकामागून एक हुकल्या. कधी ताप सांगितला, कधी वीज नाही म्हणाली. खरं सांगायची सोय नव्हती. तिथलं सगळं उघडं. बैठकीचं रेकॉर्डिंगसुद्धा, कोणीही ऐकावं, नावानिशी. आणि तिच्या गावाने एवढ्या दिवसांत एकच गोष्ट घोटून पाठ केली होती: आपल्या नावाने काही बोलायचं नाही.

आजची बैठक शेवटची. चांगलं नेट होतं ते ओळखीच्या टाबेच्या दुरुस्तीच्या दुकानात, गावाच्या बोंडुमा भागात. आदल्या रात्री जाऊन झोपावं तर परक्या गल्लीत मुक्काम करणाऱ्याची सैनिक आणि बंडखोर, दोन्ही बाजूंचे लोक चौकशी करतात.

ते भिंतीच्या कडेकडेने निघाले. एवढा रुंद रस्ता, आणि त्यावर एक कोंबडी. लिमुंगाला स्वतःच्या श्वासाची लाज वाटत होती, इतका तो मोठा येत होता. वळणावर मोटारसायकलचा आवाज आला. पपांनी तिला केळीच्या गचपणात ढकललं आणि स्वतः तिच्यापुढे उभे राहिले. सैनिक असतील, नाहीतर बंडखोरांची पोरं. कोण आहेत हे बघायला तिने मान वर केली नाही. पपांचा सदरा पाठीला चिकटला होता आणि त्यांचे गुडघे लटलट कापत होते. ती हात लावून होती म्हणून तिला कळलं. आवाज दूर गेला तरी बराच वेळ ते हलले नाहीत.

टाबेने मागचं दार बोटभर उघडलं.

"कोण मेलंय तुमचं, आज उगवलात ते?"

"अजून कोणी नाही," पपा म्हणाले. "दार उघड, मग सांगतो."

शटरच्या आड, अंधारात, लिमुंगा संगणकाच्या पडद्यापुढे बसली. मार्गदर्शक बाई मारिट, दूरच्या थंड देशातली. तिच्यामागे खिडकीत ऊन होतं आणि कोणीतरी सायकलवरून चाललं होतं.

"लिमुंगा, आलीस! बघ, मनात आणलं तर जमतं की नाही?"

मारिट हसली. मनाने चांगली बाई होती ती, म्हणूनच ते जास्त लागलं.

लिमुंगाने काम दाखवलं. मारिटने दोनदा थांबवून विचारलं आणि दोन्ही वेळा खूश झाली.

"खरं सांगते, तुझं काम सगळ्यांत उजवं आहे," ती म्हणाली. "अडचण एकच. पूर्ण गट सोमवारी भेटतो, ते बदलता येत नाही. दर सोमवारी येशील, असा शब्द देतेस? मग मला पुढे काही बघायचंच नाही."

कोपऱ्यात लाल दिवा लुकलुकत होता. रेकॉर्डिंग चालू होतं.

लिमुंगाने मान वळवली. पपा स्टुलावर बसले होते. इंग्रजी त्यांना चांगलं कळायचं. त्यांनी तिच्याकडे बघून मान हलवली, हो म्हण. पुन्हा हलवली, जरा जोरात. त्यांचा सदरा अजून ओलाच होता. ते दोन्ही तळहात गुडघ्यांवर दाबून धरत होते, आणि तरी गुडघे थांबत नव्हते.

दर सोमवारी.

"नाही," लिमुंगा म्हणाली. "सोमवारी मी नसेन. बाकीच्या दिवशी म्हणाल तितकं काम करीन."

"काही कारण?"

"नाही."

"ठीक आहे. वाईट वाटतं मला," मारिट म्हणाली आणि तिने पुढच्या मुलाचं नाव घेतलं.

लिमुंगाने पडदा मिटला. टाबे आतून दोन पेले पाणी घेऊन आला. पपांनी आपला हातात घेतला, प्यायले नाहीत.

"मी मान हलवत होतो," ते म्हणाले. "तुला दिसली नाही का गं?"

"दिसली, पपा."