सभागृह उभं राहीपर्यंत

"बाई, तुम्ही निघालात म्हणे? मग मी लोकांपुढे जाऊ कुणाला घेऊन? माझं थोबाड बघून तर कुणी एक वीटसुद्धा देणार नाही!"

औषधवाला शिडीवरून उतरता उतरता बोलत होता. त्याच्या डोक्यावर, भुवयांवर चुना पडला होता. चौकातलं औषधाचं दुकान त्याचं, आणि शाळेच्या जुन्या सभागृहाची दुरुस्ती करणाऱ्या समितीचा अध्यक्षही तोच. शाळेत असताना त्याचा आवाज असा कावळ्याचा, की बाईंनी, म्हणजे शाळेच्या गाणेबाईंनी, त्याला समूहगानात नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. ही गोष्ट तो अजून सगळ्यांना कौतुकाने सांगायचा.

"मी राजीनामा दिलाय रे," बाई म्हणाल्या. "मैत्रिणीने खोली झाडूनपुसून ठेवलीय."

मैत्रीण टेकडीवरच्या गावात गाण्याचा छोटा वर्ग चालवायची. दोघी एकाच गुरूंकडे शिकलेल्या. 'आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना सूर दिलास, आता ये आणि स्वतःसाठी गा,' असं ती किती वर्षं म्हणत होती. बाईंनी शेवटी मनाचा हिय्या केला, आणि नेमका त्याच महिन्यात सभागृहाच्या छताचा मोठा तुकडा कोसळला. नशीब, खाली कुणी नव्हतं.

"फक्त सभागृह उभं राहीपर्यंत, बाई," औषधवाल्याने हात जोडले. "मग मी स्वतः तुमचं सामान गाडीत चढवतो."

बाई थांबल्या.

काम मात्र सगळ्या गावाने अंगावर घेतलं. गवंडी आपलं रोजचं काम संपवून संध्याकाळी यायचे, मुलांच्या आया फरशा घासायच्या, रंगाच्या दुकानदाराने रंग दिला. आणि काम कुठे अडलं, की बाईंना बोलावणं यायचं. लाकडाच्या वखारवाल्याकडे बाईंना न्या, त्याची मुलगी त्यांच्याकडे शिकली आहे. चौकात मुलांचं गाणं ठेवा, लोक जमतील. छत झालं तर बाल्कनी राहिली, बाल्कनी झाली तर रंगमंच. बाई 'नाही' म्हणायला तोंड उघडायच्या, तर समोरचा त्यांचे हात धरून म्हणायचा, "तुम्ही आहात म्हणून चाललंय हो सगळं." शिवी दिली असती तर भांडता आलं असतं. कौतुकाशी कसं भांडणार?

एकदा त्या तावातावाने मुख्याध्यापिकेच्या खोलीत गेल्या. "माझ्या राजीनाम्याचं काय झालं?"

"तो मी पुढे पाठवलाच नाही," मुख्याध्यापिका प्रेमाने हसल्या. "मला ठाऊक होतं, तुमचा पाय इथून निघायचा नाही. चहा घेणार?"

बाईंनी चहा घेतला.

मैत्रिणीचा फोन आला तेव्हा रंगमंचाच्या फळ्या बसत होत्या.

"रागावू नकोस हं. खोली एका मुलीला दिली. चांगली गाते गं. मी तरी किती वाट बघू?"

"बरं केलंस," बाई म्हणाल्या. "खोली रिकामी ठेवू नये."

फोन ठेवून त्यांनी खिडकी लावली आणि वरचा सूर लावून पाहिला. पूर्वी तो हाक मारताच यायचा. आता अर्ध्या वाटेत फाटला. पाणी पिऊन त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा फाटला. मग बराच वेळ त्या पदर तोंडाशी धरून पलंगाच्या कडेला बसून राहिल्या.

उद्घाटनाच्या संध्याकाळी सभागृह माणसांनी फुलून गेलं. ओल्या वार्निशचा वास अजून गेला नव्हता. औषधवाल्याने बाईंना हाताला धरून पहिल्या रांगेत नेलं आणि एका खुर्चीवरचं कापड बाजूला केलं. पाठीवर पितळी पट्टी, तिच्यावर बाईंचं नाव.

"जमिनीला पक्की बसवलीय, बाई! हत्ती आला तरी हलायची नाही. आता तुम्ही कुठे जाता बघू!"

सगळे हसले, टाळ्या वाजल्या. बाईही हसल्या. बसल्या. पुढे जागा अरुंद होती. गुडघे समोरच्या कठड्याला टेकले.

मुलांचं पहिलं गाणं सुरू झालं तशा त्या उठल्या आणि कडेकडेने मागे दारापाशी गेल्या. तिथे जागा न मिळालेले लोक दाटीवाटीने उभे होते. त्यांत एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून ताटकळत होते.

"पुढे एक खुर्ची रिकामी आहे, आजोबा. बसा जाऊन."

आजोबांनी मान उंचावून पाहिलं. "छे छे! ती गाणेबाईंची. तिथे कसं बसणार?" त्यांनी बाईंना ओळखलं नव्हतं.

"त्या काही म्हणणार नाहीत," बाई म्हणाल्या.

"त्या नाही म्हणायच्या हो. पण बरं दिसत नाही."

कार्यक्रम संपेपर्यंत दोघं भिंतीला टेकून शेजारी शेजारी उभी राहिली. भरल्या सभागृहात पहिल्या रांगेतली तेवढी एक जागा शेवटपर्यंत मोकळी होती.