अंतिम लांबी

सोमवारी सकाळी मृदुला वालावलकरचा चित्रपट शनिवारपेक्षा सहा मिनिटांनी लांब झाला होता. मधल्या रविवारी संकलनाच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली मृदुलाच्याच पर्समध्ये होती.

"काय वाढलंय?" तिने विचारलं.

"एक स्वयंपाकघर," सिकंदर मुजावर म्हणाला. तो तिचा संकलक. अठरा वर्षं तिचं सगळं काम त्याच्या हाताखालून जात होतं आणि तो सहसा कशाने दचकत नसे. "बघा की, ताई."

चित्रपट पंचगंगेवरच्या एका होडीवाल्याच्या विधवेचा होता. पडद्यावर ती विधवा, म्हणजे प्रमिला नावाची नटी, भाकरी थापत होती. ओट्यामागच्या टाइलवर हळदीचा जुना डाग होता. खिडकीच्या गजाला निळ्या काठाचा पंचा वाळत होता. मृदुलाने स्वयंपाकघर लगेच ओळखलं. ते तिचं स्वतःचं होतं.

"परवानगी कुणी घेतली?" ती म्हणाली. घाबरण्याआधी तिला हेच सुचलं.

तिने प्रमिलाला फोन लावला. "असलं काही केल्याचं मला तर आठवत नाही हो," प्रमिला म्हणाली. "पण सकाळपासून नखांत पीठ आहे, ते कुठलं तेवढं सांगा."

मृदुला घरी गेली. पॅसेजच्या टोकाला, स्वयंपाकघराचं दार असायचं तिथे, रंग दिलेली सपाट भिंत होती. तिचा नवरा रघुवीर गाळणी हातात घेऊन भिंतीसमोर उभा होता.

"गाळणी झटकायला गॅलरीत गेलो," तो म्हणाला. "परत आलो तर हे."

"गॅस बंद केला होतात?"

"नाही गं. चहा ठेवलाय."

दोघांनी भिंतीला हात लावून पाहिला. ती कोमट होती.

त्या दिवशी त्यांनी खानावळीतून डबा मागवला. जेवताना मृदुलाच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. तीस वर्षं तिने मागून-मागून चित्रपट केले होते. शाळांसाठीच्या कार्यक्रमांपासून सुरुवात झाली, मग विहिरी खणणाऱ्यांवरचा माहितीपट, दोन मालिका, तीन चित्रपट. पाठीशी ना स्टुडिओ ना वाहिनी. कुणाचा ओटा, कुणाची बैलजोडी, कुणाच्या आजीचं नऊवारी लुगडं, एकदा तर एका गावाची अख्खी जत्रा तिने मागून आणली होती. कुणी मिळालं नाही की रघुवीर उभा राहायचा. तो ड्रॉइंगचा मास्तर. पहिल्या मालिकेत तो पोस्टमन झाला, दुसरीत प्रेत. प्रेत झाल्यावर म्हणाला होता, "आता पुरे हं." आणि इतक्या वर्षांत तिच्या एकाही कामाला त्याने चांगलं म्हटलं नव्हतं. वाईटही नाही. नुसतं "झालं का?" म्हणायचा.

मंगळवारी चित्रपट आणखी पाच मिनिटांनी वाढला. आता त्यात त्यांच्या इमारतीचा जिना होता. विधवा कळशी घेऊन सावकाश चढत होती आणि कठड्यावरून ऊन तिच्याबरोबर वर सरकत होतं. मृदुलाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. असं ऊन तिला कधीच मिळालं नव्हतं.

ती परतली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या तिच्या घराचं दार थेट रस्त्यावर उघडत होतं. शेजारीण भाजीची पिशवी घेऊन समोर उभी होती. "वालावलकर वहिनी, आम्ही वर कसं जायचं हो?" तेवढ्यात चित्रपट महोत्सवाच्या बाईंचा फोन आला. निवड झाली होती, फक्त अंतिम लांबी हवी होती.

"एकशे सात मिनिटं."

"काल एकशे दोन म्हणालात."

"ती कालची."

बुधवारी तिने सिकंदरला सांगितलं, "काढून टाक सगळं."

त्याने आधी स्वयंपाकघर काढलं. त्याबरोबर चित्रपट लंगडा झाला. विधवा एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना अडखळायला लागली. मृदुला धावत घरी गेली. भिंत तशीच होती, फक्त गार पडली होती.

"कापलेलं कुठे गेलं?" तिने फोनवर विचारलं.

"कुठं जाणार? कापलं."

"परत लाव. आत्ताच्या आत्ता लाव."

तळहाताखाली भिंत पुन्हा कोमट होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

गुरुवारी सकाळी तिने रघुवीरला बरोबर घेतलं. संकलनाची खोलीही आता इतकी अरुंद झाली होती, की दोन खुर्च्या चिकटून ठेवाव्या लागल्या आणि सिकंदरला पाय दाराबाहेर ठेवावे लागले. मृदुला डावखुरी; तिने डाव्या हाताने रघुवीरचं मनगट घट्ट धरलं.

"इथून उठायचं नाही," ती म्हणाली. "काहीही झालं तरी."

"मला शाळेतल्या पोरासारखं धरू नकोस."

"अहो, ऐका ना एवढं."

सिकंदरने चित्रपट लावला. जिना आला, स्वयंपाकघर आलं. रघुवीर पुढे वाकून बघत होता. हळदीच्या डागाशी त्याचे डोळे जरा थांबले.

"मृदुला," तो म्हणाला, "चांगलं झालंय गं."

ती त्याच्याकडे वळली नाही. एवढं ऐकायला तीस वर्षं लागली होती, आणि ते पुन्हा एकदा ऐकावंसं वाटत होतं. ती वाट बघत राहिली. मग तिला जाणवलं, की हातातल्या मनगटाला वजन नाही. खुर्ची रिकामी होती. तिची बोटं मात्र अजून गोल वळलेली होती.

पडद्यावर तो स्वयंपाकघरात आला. हात धुऊन त्याने निळ्या काठाच्या पंच्याला पुसले.

"बसा," विधवा म्हणाली. "किती ताटं घेऊ?"

"तीन."

"कोण येतंय?"

"आमची मंडळी," तो म्हणाला.

"ताई, पुढे नेऊ का थांबवू?" सिकंदरने विचारलं. फोन वाजत होता. महोत्सवाच्या बाईंचं नाव दिसत होतं. "लांबी काय सांगू त्यांना?"

"थांब जरा," मृदुला म्हणाली.

पडद्यावर रघुवीरने तिसरं ताट मांडलं. पाण्याचं भांडं त्याने ताटाच्या उजव्या बाजूला ठेवलं, डावखुऱ्या माणसासाठी ठेवतात तसं. मग पातेल्यावरचं झाकण उचललं. भाताची वाफ वर आली आणि सगळं चित्र पांढरं झालं.

सिकंदरने रुमाल काढून पडद्याची काच पुसली. फरक पडला नाही. दुसऱ्यांदा पुसली.

"आतल्या बाजूला आहे, ताई," असं म्हणून तो मृदुलाकडे वळला.

तिच्या चष्म्यावर वाफ धरली होती.