पुढून झिजलेले बूट

"बाबा, सोमवारच्या आत पाहिजेत हं! आणि गिऱ्हाइकांना सांगता तसं 'उद्या ये, परवा ये' मला चालायचं नाही." एवढं बोलून लेकीनं धावायचे बूट दुकानाच्या फळीवर आपटले आणि ती गेलीसुद्धा.

सारस हसला. सारस हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण सगळा बाजार त्याला याच नावानं ओळखायचा. चालताना गुडघा उंच उचलायचा आणि पाऊल थपकन खाली टाकायचं, अशी सारस पक्ष्यासारखी त्याची चाल. त्याच्या वडिलांचीही तीच. समोरचा न्हावी तर गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा ठेवून ओरडायचा, "बापाचं दुकान घेतलंस ते घेतलंस, चालही घेतलीस का रे?" आणि सारस इकडून उत्तर द्यायचा, "दुकानाबरोबर फुकट मिळाली, सोडतो कशाला!" बूट दुरुस्त करणाऱ्याची जीभ जरा तिखटच लागते, नाहीतर गिऱ्हाईक उरावर बसतं.

त्यानं डावा बूट उचलला आणि सवयीनं उलटा केला. तळ बघितल्याशिवाय या धंद्यात कुणी कामाला हात लावत नाही. कुणाची टाच बाहेरून झिजते, कुणाची आतून, जाड्या माणसाची सरसकट. पण झिजते ती टाचच. लेकीच्या बुटाची टाच मात्र जवळजवळ कोरी होती आणि पुढे, अगदी टोकाला, रबर घासून घासून आतलं कापड दिसायला लागलं होतं.

असे बूट त्यानं आयुष्यात दोनच माणसांचे पाहिले होते. एक वडिलांचे आणि दुसरे स्वतःचे. उजवा उलटा करायला हातच उठेना. शेवटी केला. तोही तसाच होता, जरा कमी इतकंच.

महिन्यापूर्वी हे बूट आले असते तर त्यानं लेकीला हाक मारून झापलं असतं, "पाय घासत चालतेस काय गं म्हशीसारखी?" पण आता त्याला माहीत होतं. चामडं टोचायची आरी बोटांतून सारखी निसटायला लागली म्हणून तो मोठ्या इस्पितळात गेला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पायांवर हातोडी मारून पाहिली, सुया टोचून पाहिल्या, रक्त तपासायला पाठवलं. अहवाल आल्यावर त्याला समोर बसवून घेतलं. बाई तरुण होत्या, पण त्यांना घाई नव्हती.

"काका, कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत मज्जातंतू जातात. शरीरातले सगळ्यात लांब तंतू ते. त्यांच्या आत बारीक धाग्यांचा एक सांगाडा असतो, त्यावर तो तंतू तग धरतो. हे धागे ज्या प्रथिनाचे बनतात त्याला न्यूरोफिलामेंट म्हणतात. आणि ते प्रथिन कसं बनवायचं हे ज्या जनुकात लिहिलेलं असतं, त्यात तुमच्याकडे एका अक्षराची चूक आहे. त्यामुळे धाग्यांचा गुंता होतो आणि तंतू टोकाकडून मरत येतो. म्हणून आधी पाय गेले, आता हात."

"बुटाच्या तळात पोलादी पट्टी असते बघा," सारस म्हणाला, "वरून दिसत नाही. पण ती नसली तर चामडं कितीही भारी असू दे, बूट मधेच बसतो. तसंच ना?"

"तसंच म्हणा. फक्त तुम्ही तळ उघडून पट्टी बदलता, मला ते जमत नाही. यावर औषध नाही अजून. लोक शोधतायत. तोवर व्यायाम करायचा, घोट्याला आधार द्यायचा आणि पडायचं नाही."

"माझ्या वडिलांनाही हेच असणार?"

"बहुतेक."

"लोक म्हणायचे, पिऊन चालतो. थेंबाला शिवला नाही कधी." मेलेल्या माणसाची बाजू मांडायला एवढा उशीर!

मग बाईंनी विचारलं, "मुलं किती तुम्हाला?"

"एकच. मुलगी."

"तिच्यात हे असायची शक्यता निम्मी. छापा की काटा, तसं समजा. तिला घेऊन या. तपासायचं की नाही ते तिचं तिनं ठरवू दे. पण असलंच, आणि लवकर कळलं, तर पाय जास्त वर्षं सांभाळता येतात."

"आणतो," असं सांगून तो उठला, आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, "अशक्तपणा आहे गं, गोळ्या दिल्यात." खोटं उघडं पडू नये म्हणून वाटेत ताकदीच्या गोळ्यांची एक बाटलीही घेतली होती. रोज जेवण झालं की सगळ्यांसमोर एक गिळायचा.

आणि आता हे बूट. सोमवारी अग्निशमन दलाच्या भरतीची धाव होती. लहान असताना रस्त्यावरून बंब गेला की पोरगी हातातलं खेळणं टाकून पळत सुटायची. गेल्या वर्षी थोडक्यात हुकली होती. यंदा पहाटे उठून मैदानाला फेऱ्या मारून मारून तिनं स्वतःला वाळवून घेतलं होतं. अशा पोरीला आता सांगायचं? सोमवार होऊ दे, मग सांगू, असं त्यानं ठरवलं.

आणि मग त्यानं तेच केलं, जे तो वर्षानुवर्षं स्वतःच्या बुटांना करत आला होता. जुन्या टायरचं जाड रबर कापलं, टोकाला दुहेरी चिकटवलं, वर वळवून शिवून टाकलं. आरी दोनदा निसटली, बोटातून रक्त आलं, पण त्यानं सोडलं नाही. झीज दिसली नाही की ती नाहीच, असं काहीतरी त्याच्या मनात असावं. वेडा कुठला! काम मात्र असं सुबक केलं की लेक खूश झाली. "बाबा, नवेच वाटतायत की!"

सोमवारी दुकान बंद ठेवून तो आणि बायको मैदानाच्या कुंपणाला चिकटून उभे राहिले. लेक सुरुवातीपासून पहिल्या तिघींत होती. बायको तर शेजारच्या अनोळखी बाईला सांगत सुटली होती, "ती बघा, ती आमची!" सारसचं लक्ष मात्र लेकीच्या पावलांवर खिळलं होतं. शेवटच्या फेरीत पोरगी दमली, पावलं खाली लोंबायला लागली, आणि त्या जाड रबराचं टोक जमिनीत अडकलं. ती तोंडावर आपटली. उठली, पुन्हा पळाली. पोहोचली तेव्हा टेबलाशी बसलेल्या साहेबांनी कागद आवरायला घेतले होते.

घरी आल्यावर तिनं बूट भिरकावले. "काय लावलंत हे टोकाला, बाबा? वीट? मी फक्त तळ चिकटवायला दिला होता. गेल्या वर्षी हेच बूट होते, तेव्हा पडले का मी?"

"अहो, कुणी सांगितली होती तुम्हाला नसती कलाकुसर?" बायकोही कडाडली. "जगाचे बूट धड करता आणि घरचे असे?"

सारसनं तोंड उघडलं. सगळं जिभेवर आलं होतं, एका वाक्यात सांगता आलं असतं. पण लेकीकडे बघितलं, तर ती बुटांवर चिडलेली होती. बुटांवर चिडलेल्या माणसाला पुढचं वर्ष उरलेलं असतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला, "रबर जाड झालं."

आणि हे खरंच होतं, यातच सगळी गोची होती. साफ खोटं असतं तर ते पचवायला इतकं जड गेलं नसतं. दुसऱ्या दिवशी न्हाव्यानं हटकलंच, "काय रे सारस, लेकीलाच पाडलंस म्हणे?" सारसनं मान खाली घातली आणि तो खिळे निवडत बसला. न्हाव्यालाच बिचाऱ्याला ओशाळल्यासारखं झालं.

लेकीनं मोठ्या दुकानातून तयार बूट आणले. बापाला दाखवलेही नाहीत. पुन्हा पहाटे उठून मैदानावर जायला लागली. सारस अंथरुणात पडल्यापडल्या दार लागल्याचा आवाज ऐकायचा आणि स्वतःला शिव्या घालायचा. आज सांगतो, असं रोज म्हणायचा, आणि रोज मूग गिळून बसायचा.

मग एका दुपारी ती दुकानात आली. गुडघे सोललेले, तळहाताला माती. फळीच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "बाबा, हसू नका हं. सपाट रस्त्यावर पडले. ना दगड, ना खड्डा." तिनं नवे बूट काढून त्याच्यासमोर ठेवले. "एवढी मोठी कंपनी, आणि यांतही काहीतरी खोट आहे. बघा बरं. त्या दिवशी मी उगीच तुम्हाला..."

त्यानं बूट उलटे केले नाहीत. "बुटांत खोट नाही गं, बाळा."

"मग?"

सारसनं स्वतःचे बूट काढले, मग मोजेही. बापाचे उघडे पाय लेकीनं लहानपणानंतर पाहिलेच नव्हते. थंडी वाजते म्हणून तो घरातही मोजे घालायचा. कमानीसारखं उचललेलं पाऊल, आत वळलेली बोटं, गुडघ्याखाली काठीसारखी नडगी. ती बघत राहिली. मग हळूच तिनं आपला मोजा काढला आणि आपलं पाऊल त्याच्या पावलाशेजारी ठेवलं. कमान तीच होती. बोटं अजून सरळ होती.

त्यानं सांगितलं. अडखळत, उलटसुलट, आधी आजोबांचं, मग पट्टीचं, मग छापाकाट्याचं. त्याचं संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, "मी भरतीत पळत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि मी तुम्हाला एवढं बोलले, तरी गप्प बसलात?"

"बोललीस ते बरं होतं. मला बोलत होतीस तोवर..."

"बरं काय त्यात, बाबा?" ती एवढ्यानं ओरडली की न्हाव्याचा वस्तरा थांबला. "मी पहाटे उठून पळत होते! रोज! मला वाटायचं, अजून जोर लावला की जमेल. माझंच काहीतरी कमी पडतंय, असं वाटायचं मला!" आणि ती ढसाढसा रडायला लागली. त्यानं खांद्यावर हात ठेवला, तो तिनं झटकून टाकला, आणि ती तशीच अनवाणी निघून गेली. बाजारात पहिल्यांदाच त्यानं तिची पावलं वाजताना ऐकली. थप, थप.

बरेच दिवस ती दुकानाकडे फिरकली नाही. इस्पितळात मात्र गेली, आईला घेऊन. डॉक्टरीणबाईंना तिनं सांगितलं, मला माहीत करून घ्यायचंय. रक्ताचं उत्तर बुटांनी दिलं होतं तेच आलं. बायकोनं त्या दिवशी ताकदीच्या गोळ्यांची बाटली मोरीत ओतली आणि ती सारसला म्हणाली, "एवढी परकी होते का हो मी?"

आणि मग एका सकाळी लेक दुकानात आली आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली, गिऱ्हाइकासारखीच. पिशवीतून घोट्याला आधार देणारी पट्टी काढून तिनं फळीवर ठेवली.

"तयार बुटांत ही मावत नाही. माप घ्या."

"घेतो," तो म्हणाला. घाईघाईनं त्यानं जमिनीवर जाड कागद पसरला, गुडघे टेकले, कानावरची पेन्सिल काढली. तिनं पाऊल कागदावर ठेवलं. त्यानं टाचेपासून रेघ ओढायला घेतली, पण बोटं मिटेनात. पेन्सिल निसटली आणि रेघ भलतीकडेच गेली. त्यानं दुसऱ्यांदा धरली, डाव्या हातानं उजवा दाबून. तरी तेच.

"असू दे, द्या इकडे," लेक म्हणाली. आवाजात राग नव्हता, फार मायाही नव्हती. खाली वाकून तिनं स्वतःच्या पावलाभोवती सावकाश रेघ ओढली, एका पायाची, मग दुसऱ्याची. मग बाकावरून उठली आणि तिनं नवा कागद पसरला.

"आता तुमचे ठेवा. बाईंनी दोघांनाही पट्टी लावायला सांगितलीय."

"माझं काय गं आता..."

"बाबा, बसा."

सारस बाकावर बसला. इतक्या वर्षांत या बाकावर तो कधी बसला नव्हता. मोजे काढून त्यानं पाऊल कागदावर टेकवलं. लेक त्याच्या पायाशी गुडघे टेकून बसली आणि टाचेपासून रेघ ओढायला लागली. पेन्सिल कातडीला लागतेय की नाही, हे त्याला कळत नव्हतं. म्हणून तो तिच्या हाताकडे बघत राहिला.