घराची ट्रायल

एजंट लावायचा की नाही, हा प्रश्न शिलाईमावशींनी चहाचा कप रिकामा व्हायच्या आत निकालात काढला. नाही लावायचा. "घर माझं, दार माझं, किल्ली माझी. दार उघडून 'या, बघा' म्हणायचे एक महिन्याचं भाडं? मी झाडायचं, मी पुसायचं, आणि हा आयत्या बिळावरचा नागोबा!" असं त्यांनी फोनवर लेकीला ऐकवलं, आणि ती पुढे काही बोलायच्या आत दूध उतू चाललंय म्हणून फोन ठेवून दिला. गॅसवर दूधबीध काही नव्हतं. पण वादात आपली बाजू वर असतानाच उठावं, एवढं शहाणपण मावशींकडे होतं.

प्रकरण असं होतं. मावशींची एकुलती एक लेक दुसऱ्या शहरात इस्पितळात नोकरीला, कधी सकाळची पाळी तर कधी दुपारची. जावई सदा फिरतीवर. आणि त्यांची तीन वर्षांची पोर अशी, की तिला सांभाळायला ठेवलेल्या दोन बायका आठवड्याच्या आत हात टेकून गेल्या होत्या. आता आजीच हवी होती. मावशींनाही जायचंच होतं. नात शाळेत रुळेपर्यंत, म्हणजे दोन वर्षं, त्या आनंदाने राहणार होत्या.

अडचण घराची होती. कुलूप लावून गेलं तर दोन वर्षांत वाळवी आणि उंदीर घराचे मालक होतील, असं लेकीचं म्हणणं. वडील गेल्यावर घर मायलेकींच्या नावावर झालेलं, त्यामुळे त्या म्हणण्याला वजन होतं. शेवटी दोघींचं ठरलं, की महिनाअखेरपर्यंत चांगला भाडेकरू मिळाला तर घर ठेवायचं, नाही मिळाला तर विकून मोकळं व्हायचं. गिऱ्हाईकही तयार होतं. कोपऱ्यावरचा औषधवाला येता-जाता घराकडे असा बघायचा, की मावशींना पडदे ओढून घ्यावेसे वाटायचे.

विकायला मावशींचं मन तयार नव्हतं. चाळीस वर्षं लोकांच्या घरी मापं घ्यायला जाऊन त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. चांगल्या घरात, चांगल्या लेकासुनेकडे नाहीतर लेकीजावयाकडे राहणाऱ्या म्हाताऱ्या. काही कमी नाही, पण पंखा लावू का म्हणूनसुद्धा विचारायच्या. कारण जायला दुसरं दार नसायचं. मावशींना लेकीकडे जायचं होतं ते स्वतःच्या पायांनी, आणि मनात येईल तेव्हा त्याच पायांनी परत येता यावं म्हणून हे घर हवं होतं.

तर मावशींनी दारावर पाटी लावली आणि आपल्या पद्धतीने कामाला लागल्या. त्यांची पद्धत म्हणजे ट्रायल. कोट असो नाहीतर शाळेचा गणवेश, कच्चा टाका घालून गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवल्याशिवाय त्यांनी आयुष्यात एकही कपडा पुरा केला नव्हता. "आरशासमोर उभं राहून सगळेच छान दिसतात," त्या म्हणायच्या. "हात वर करा, खाली वाका, खुर्चीत बसा. मग कळतं कुठे ओढतंय." मग घराला वेगळा न्याय कशाला? ज्याला घर हवं त्याने एक अख्खा दिवस येऊन राहायचं. स्वयंपाक करायचा, दुपारी आडवं व्हायचं, खिडक्या उघडायच्या, मिटायच्या. मावशी तेवढा वेळ रस्त्यापलीकडे समोरच्या वहिनींकडे जाऊन बसणार. फक्त पुढची खोली बंद. तिथे त्यांचं मशीन, कापायचं लांबलचक टेबल आणि भिंतीला टांगलेले कागदी नमुने होते. ती खोली कुलूप घालून तशीच राहणार, बाकी घर तुमचं.

पहिला आला एक कारकून आणि त्याची ठेंगणी बायको. दोघं दिवसभर राहिली, आणि संध्याकाळी बायको म्हणाली, "सगळं छान आहे हो, पण स्वयंपाकघरातली फळी फार उंच. माझा हातच पोचत नाही." ट्रायलमध्ये खोट निघाली की ती दुरुस्त करायची, हे मावशींच्या हाडीमाशी खिळलेलं. दुसऱ्या दिवशी सुतार बोलावून त्यांनी फळी वीतभर खाली घेतली. जोडपं कळवतो म्हणून गेलं ते गेलंच.

दुसरा आला एक पोहण्याचा प्रशिक्षक, सहा फूट दोन इंच. जेवणापर्यंत त्याचं डोकं त्या फळीवर तीनदा आपटलं. तरी भला माणूस, फळीबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाला, "मागच्या खोलीत ऊन फार येतं. मी पहाटे उठणारा, मला दुपारी झोप लागते." मावशींनी दोन दिवस मशीनवर बसून जाड, गडद निळे पडदे शिवले, आतून अस्तर लावून. प्रशिक्षकाने तलावाजवळ दुसरं घर घेतलं.

तिसरी एक शिक्षिका होती. तिला वह्या तपासायला उजेड हवा होता. त्या निळ्या गुहेत दोन तास काढून तिने नम्रपणे किल्ली परत केली.

महिन्याचे सात दिवस उरले. "मावशी, एक बोलू का?" समोरच्या वहिनी म्हणाल्या. "एजंटला एकदा बोलवा. राग मानू नका."

"राग कशाला मानू?" मावशी रागाने म्हणाल्या. पण घरी जाऊन त्यांनी स्वतःच नंबर फिरवला. अडला हरी म्हणतात तो आपणच, आणि पाय कुणाचे धरावे लागणार आहेत ते दिसतंच आहे, असं स्वतःशी पुटपुटत.

एजंट चाळिशीचा, दोन फोनवाला, पँटची शिवण एका बाजूने उसवलेला. मावशींनी दारातच ते टिपलं आणि त्याचे दोन गुण कापले. तो घरातून चार मिनिटांत फिरून आला आणि स्वयंपाकघरात थांबला.

"मावशी, ही फळी कुणाच्या मापाची?"

मावशींनी सांगितलं.

"आणि ते पडदे?"

तेही सांगितलं. एजंट आधी गालातल्या गालात हसला, मग खुर्ची ओढून बसून हसला. "म्हणजे कोटाची उंची एकाच्या मापाची, बाह्या दुसऱ्याच्या, आणि गिऱ्हाइकं दोन्ही पळालेली! अहो मावशी, पैसे न देता, ऑर्डर न देता गेलेल्या माणसाच्या मापाने तुम्ही कधी कापडाला कात्री लावली असतीत का?"

चाळीस वर्षांत मावशींच्या मापात कुणी चूक काढली नव्हती. त्यांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. वाईट हे, की माणूस खरं बोलत होता. वयाने लहान, शिवण उसवलेला, आणि खरं बोलत होता.

"तुम्ही काय वेगळं करणार?" त्यांनी विचारलं.

"मी आधी माणूस निवडतो. दहा जणांशी फोनवर बोलतो, नऊ जणांना वाटेला लावतो. पण एक सांगतो. पुढची खोली कुलपात ठेवाल तर मी दहावाही आणणार नाही. कोट विकायचा आणि खिसा शिवून टाकायचा, असं चालत नाही."

"ती खोली मी देणार नाही."

"मग राहिलं," एजंट म्हणाला आणि उठला. भाव खात नव्हता, खरंच निघाला होता. मावशींना तेच आवडलं. बाजारात पाठ फिरवून परत येणारे त्यांनी खूप पाहिले होते. न थांबणारा विरळा.

"थांबा," त्या म्हणाल्या. "मी तुमचीच ट्रायल घेते. एकच माणूस आणा. पसंत पडला तर महिन्याचं भाडं तुमचं, मी कुरकुर करणार नाही. नाही पडला तर चहासुद्धा मिळणार नाही. आणि खोली ट्रायलपुरती उघडी ठेवते. फक्त ट्रायलपुरती!"

"कबूल. माझीही अट आहे. त्या दिवशी तुम्ही घरात पाऊल टाकायचं नाही, आणि कुणी काही म्हणालं तरी सुताराला बोलवायचं नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी एजंट एका बाईंना आणि त्यांच्या वडिलांना घेऊन आला. बाई चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायच्या. वडील आयुष्यभर पुस्तकं बांधत आलेले, आता घरीच थोडंफार काम करणारे. त्यांना किल्ली देऊन मावशी समोरच्या वहिनींच्या माडीवरच्या खिडकीत जाऊन बसल्या. शेजारी एजंट बसला, पहारेकरी म्हणून.

आधी निळे पडदे उतरले. बाईंनी त्यांच्या नीट घड्या घातल्या. "घडी बरी घालते," मावशी नाइलाजाने म्हणाल्या. मग पुढच्या खोलीची खिडकी उघडली, आणि म्हातारबुवा कापायच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. त्यांनी तळहात टेबलावरून सावकाश फिरवला, पिशवी उघडली आणि हातभर लांब पात्याची सुरी बाहेर काढली.

"माझं टेबल!" मावशी जिन्याकडे धावल्या. सासूबाईंनी दिलेलं एकसंध लाकडाचं टेबल. त्यावर त्यांनी लेकीलासुद्धा कधी पेन्सिल तासू दिली नव्हती.

एजंट दारात आडवा झाला. "मावशी, अट!"

"अट गेली खड्ड्यात! तो माणूस सुरी चालवतोय!"

"आधी नीट बघा तरी."

मावशी फणकाऱ्याने खिडकीशी परत आल्या. म्हातारबुवांनी सुरी बाजूला ठेवली होती. पिशवीतून एक जाड पुठ्ठा काढून ते टेबलावर अंथरत होते. चारी कोपरे दाबून बघितले, पुठ्ठा हलत नाही याची खात्री केली, एका कडेला टेबल थोडं उघडं राहत होतं तिथे आणखी एक तुकडा सरकवला. तेव्हा कुठे त्यांनी सुरी उचलली.

मावशी परत खुर्चीत बसल्या. दुसऱ्याच्या टेबलावर, कुणी बघत नाही असं समजून, एक माणूस इतकी काळजी घेत होता. ते सांगून शिकवता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या हाताखाली शिकायला आलेल्या बारा मुलींपैकी तिघींनाच ते जमलं होतं.

संध्याकाळी बाईंनी एकेक खोट सांगितली. नळ ठिबकतो. फळी विचित्र खाली आहे, ती त्या स्वतः वर करून घेतील. घर पसंत आहे, दोन वर्षांसाठी हवं. "पण पुढच्या खोलीशिवाय जमायचं नाही," त्या संकोचाने म्हणाल्या. "बाबा इथे दिवसभर बसतील. आज कितीतरी दिवसांनी ते कामात जेवायचं विसरले."

एजंटने मावशींकडे बघितलंच नाही. तो छताकडे बघत राहिला, आणि ते त्याचं खरं कसब होतं.

मावशींनी मनातल्या मनात खोलीभर एकदा फिरून घेतलं. मशीन लेकीकडे नेता येईल. नमुने गुंडाळून ट्रंकेत. टेबल मात्र दारातून निघणारही नाही, आणि निघायची गरजही दिसत नव्हती.

"घ्या," त्या म्हणाल्या. "पण पुठ्ठ्याशिवाय सुरी चालवलेली मला कळेल. मी कुठेही असले तरी."

"मलाच आधी कळेल," म्हातारबुवा म्हणाले. तिथे करार झाला. कागदावर सह्या नंतर झाल्या. मावशींनी एजंटच्या हातावर महिन्याचं भाडं ठेवलं, कुरकुर न करता, आणि वर त्याला स्टुलावर बसवून पँटची शिवण घालून दिली. चाळीस वर्षांचं नाव होतं. त्यांच्या दारातून उसवलेला माणूस बाहेर जाणं बरं दिसलं नसतं.

मग त्यांनी लेकीला फोन लावला. "मिळाला भाडेकरू. एजंटकडून, आणि आता 'मी म्हटलं होतं' असं म्हणायचं नाही. पुढच्या सोमवारी निघते."

पलीकडून आनंदाचा चीत्कार येईल असं मावशींना वाटलं होतं. लेक नुसतं "बरं झालं" म्हणाली.

"काय झालं गं?"

"काही नाही."

"मी तुला नऊ महिने पोटात आणि तीस वर्षं मापात ओळखते. बोल."

लेक म्हणाली, "खरं सांगू? मला वाटत होतं नाही मिळाला तर बरं. घर विकलं असतं म्हणजे तू आमच्याकडेच राहिली असतीस. आता काय, आपलं पहिलं भांडण झालं की तू बॅग भरशील."

"भरीनच," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र मऊ झाला होता. "ऐक. भाडेकरू दोन वर्षं आहेत, तोवर मला इथे कुणी उभंही करणार नाही, तेव्हा बॅग भरली तरी वहिनींकडे चार दिवस राहून परत येईन. पण बॅग भरता आली पाहिजे मला. घर नसलेली आई भांडत नाही बाळा, ती गप्प बसते. पंखा लावू का म्हणून विचारते. तुला तशी आई हवी आहे का?"

पलीकडे नातीचा दंगा चालला होता. काहीतरी पडलं, काहीतरी फुटलं.

"नको," लेक म्हणाली. "भांडणारीच ये. लवकर ये."