सोफा वाळेपर्यंत

कापड

लाल, मखमली, सोनेरी वेलबुट्टीचं. सोनमच्या बापानं लग्नात दिलेल्या सोफ्याचं. आता मधोमध डाग, त्याभोवती दुसऱ्या डागाची कड, त्याभोवती तिसऱ्याची. सोनमच्या सासऱ्यांच्या, तात्याबांच्या, अर्ध्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून ते इथंच झोपतात. आतल्या खोलीत बाजेवर नको म्हणतात. तिथून रस्ता दिसत नाही.

सोमवारी सोनमला कुरकुंभला जायचंय. औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीत, पॅकिंगला. नवरा रविराज तिथंच शिफ्टला असतो, त्यानंच नाव लावलंय. सोमवारी हजर झाली नाही तर जागा दुसरीला.

सासू बानूबाई नको म्हणाली नाही.

"जा की. पर दारात आलेलं माणूस नाक धरतंय. तुझ्या बापाचा सोफा हाय, तूच धू. वाळला की जा."

फोम

सोफा बाहेर निघत नाही. तो आला तेव्हा दाराला चौकट नव्हती. मग चौकट बसली, तिला लोखंडी जाळीचं दार बसलं. सोफा आत राहिला.

म्हणून आतच. तात्याबांना दोघींनी उचलून बाजेवर ठेवलं. बादली. पावडर. बादली. बादली.

"वत अजून," बानूबाई म्हणाली. "लोकर कातरायच्या आधी मेंढरं नदीत घालायचो आमी. पाण्याला हात आखडला की घाण निघत न्हाई."

"मेंढरू अंग तरी झटकतंय, आत्या."

फोम सगळं पाणी प्यायला.

फोम

शुक्रवार. दाबलं की पिवळं पाणी. पंखा लावला. लाईट गेली.

फोम

शनिवार. दाबलं की पिवळं पाणी. रविराजनं कंपनीतून कॅनमध्ये काहीतरी आणून शिंपडलं. आता दोन वास.

"कव्हर ओपन करून बघ," म्हणाला, आणि सेकंड शिफ्टला निघून गेला.

आतून तात्याबा ओरडले, "माझी जागा वाळली का गं?"

"वाळतीय, मामा."

"सावकाश वाळू दे. मी काय पळून चाललोय व्हय?"

काथ्या

रविवारी सकाळी तिनं पक्कड घेतली. खिळे उपसले. कापड सोललं. फोम हातात तुटून यायला लागला तसा तिनं तो तुकड्या-तुकड्यानं जाळीच्या दारातून अंगणात नेला. खाली काथ्या, कुजलेला. तोही नेला. त्याखाली नुसत्या फळ्या. त्या घासल्या, पुसल्या, परत घासल्या.

दुपारी म्हणाली, "आत्या, हात लावून बघा."

बानूबाईनं फळीवर तळवा टेकवला. उचलून त्याचा वास घेतला. बराच वेळ घेतला.

"वाळलं," म्हणाली. "जा."

लाकूड

फळ्यांवर गोधडीची दुहेरी घडी, वर घोंगडी. तात्याबा परत आपल्या जागी आले.

"हे बरं हाय. रानात असंच निजायचो."

सोमवारी रविराज पहाटेच फर्स्ट शिफ्टला गेला. सकाळी सोनम साडी नेसली, डबा भरला. फाट्यावर कंपनीची जीप येते, चालत पोचायला वेळ होता. तेवढ्यात बानूबाईनं हाक मारली. मोठ्यानं नाही.

तात्याबांचं अंग पुसायला तिनं त्यांना कसंबसं कलतं केलं होतं. कमरेच्या हाडावर लाल चट्टा. खांद्यावर दुसरा. कातडी ताणून चकाकत होती.

"शेजारच्या हौसरावांना असंच झालं व्हतं, पडून पडून. मग भोक पडलं," बानूबाई म्हणाली. "मऊ व्हतं तवर निभावलं. आता ह्या कुशीवरनं त्या कुशीवर, सारखं वळवावं लागंल."

"नवा फोम आणू."

"आन् तो भिजला की?"

सोनमनं अंगणातल्या ओल्या फोमच्या ढिगाकडं बघितलं.

"म्या वळवून बघितलं," बानूबाई म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. "एकटीला न्हाई वळत गं."

लांबून जीपचा हॉर्न आला.

"जाऊ द्या की तिला," तात्याबा म्हणाले. "पोरगी तयार झालीया."

पण बोलताना ते त्याच चट्ट्यावर पडलेले होते.

सोनमनं डबा खाली ठेवला. पदर खोचला. एक हात त्यांच्या खांद्याखाली घातला, दुसरा कमरेखाली.

"तिकडनं धरा, आत्या."

वळवलं. धाप सगळ्यांनाच लागली.

"असं किती येळ ऱ्हायाचं?" तात्याबांनी विचारलं.

"थोडा वेळ, मामा. मग परत वळवू."