तीन फुटांवरून

ती गेल्याचं मला सातव्या हिरवळीवर कळलं. गोल्फ क्लबचा मॅनेजर गाडी सोडून चालत आला. तो कधी चालत नाही. शेजारणीचा फोन होता, म्हणाला. बायको स्वयंपाकघरात कोसळली होती आणि डॉक्टर पोहोचायच्या आत सगळं संपलं होतं. एरवी ती माझ्यासोबत असायची. त्या दिवशी गुडघा दुखत होता म्हणून घरी थांबली.

दोन महिन्यांनी मी पुन्हा खेळायला गेलो. लांबचे फटके नीट बसले. पण भोक तीन फुटांवर आलं की पटर, म्हणजे चेंडू हलकेच लोटायची काठी, धरलेले हात हिसका द्यायचे आणि चेंडू बाजूने निघून जायचा. चाळीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त केली. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरताना हे हात कधी हलले नाहीत. मग इथेच काय होत होतं?

घड्याळ बिघडलं की एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, ही माझी सवय. तेच केलं. रोज तीन फुटांवरून पन्नास चेंडू. पहिल्या दिवशी एकोणतीस आत गेले. दुसऱ्या दिवशी सावकाश श्वास घेऊन तीस. चेंडूऐवजी भोकाकडे बघून चौतीस. डोळे मिटून अडतीस, म्हणजे आंधळा मी डोळस माझ्यापेक्षा बरा. प्रशिक्षक म्हणाला, मन रिकामं ठेवा. त्या दिवशी बावीस. मन रिकामं झालं का हे बघायला मीच सारखा आत डोकावत होतो.

जोडीच्या स्पर्धेचा अर्ज बायकोने आधीच भरून ठेवला होता. तिच्या जागी तिची धाकटी बहीण खेळली तर चालेल, असं क्लबने कळवलं. मेव्हणी खेळते चांगली, बोलते त्याहून चांगली. या स्पर्धेत हात वळणावर आले नाहीत तर खेळ बंद, काठ्यांचा सेट कुणाला तरी देऊन टाकायचा, असं मी तिला सांगून टाकलं.

"भावजी, हात ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "तुम्ही त्यांच्यावर मुकादम नेमलाय."

मग तिने विचारलं, ताई मागे उभी असायची तेव्हा काय करायची? मी म्हटलं, बडबड करायची. समोरचा चेंडू मारत असताना गप्प राहायचं असतं, पण नेमका मी पटर मागे घेतला की हिचा प्रश्न यायचा, गॅस बंद केला होता ना? मी वैतागून कसाबसा चेंडू लोटायचो. तो आत जायचा. ती बोलते तरीही जातो, असं मी वीस वर्षं समजत होतो.

मेव्हणी माझ्या मागे जाऊन उभी राहिली. मी पुढच्या चेंडूवर वाकलो आणि मागून आवाज आला, दाराला कुलूप लावलंत का? चेंडू आत. त्या दिवशी पन्नासात सेहेचाळीस.

दुसऱ्या दिवशी पस्तीसच. आम्ही दोघं बुचकळ्यात पडलो. विचार करता लक्षात आलं, प्रश्न तेच होते. कुलूप लावलंय हे मी घरूनच पाठ करून आलो होतो. उत्तर तयार असलं की लक्ष परत हातांवर. मग ती रोज नवे प्रश्न शोधायला लागली. घराला पायऱ्या किती? आधी उजवा बूट घालता की डावा? जन्मभर बूट घालतोय, मला सांगता येईना. चेंडू जात राहिले.

स्पर्धेत शेवटच्या हिरवळीवर चेंडू बरोबर तीन फुटांवर थांबला. आत गेला तर आमचा तिसरा नंबर. जोडीदाराने बोललेलं चालतं, हे मी नियमांत बघून ठेवलं होतं. मी वाकलो, पटर मागे घेतला. ती नेहमीपेक्षा जरा जास्त थांबली.

"भावजी, ताईचं कपाट कधी उघडायचं?"

चेंडू गेलेला मी बघितला नाही. भोकात पडल्याचा आवाज ऐकला. हात हलले नव्हते.

सेट मी ठेवला. आता रोज सकाळी जातो, आणि तीन फुटांवर फारसा चुकत नाही. स्पर्धेहून परत येताना गाडीत मेव्हणीने तो प्रश्न पुन्हा काढला नाही, नंतर फोनवरही नाही. त्याला तीन आठवडे झाले. कपाट अजून उघडलेलं नाही.